गाणे कापता येते, जाहिरात नाही

भारतातल्या व्यापारी रेडिओची गोष्ट एका भांडणातून सुरू होते आणि गंमत अशी की, त्या भांडणाचे मूळ जाहिरातीतच होते. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावरची त्यांची निष्ठा आणि चित्रपटगीतांविषयीची अढी सर्वश्रुत आहे. पण ऑल इंडिया रेडिओवरून चित्रपटगीते नाहीशी होण्याचे तात्कालिक निमित्त वेगळेच होते. गाणे लावताना चित्रपटाचे नाव घेणे म्हणजे त्या चित्रपटाची फुकट जाहिरात करणे, सबब केवळ गायकाचे नाव सांगावे, अशी सरकारी भूमिका ठरली. निर्मात्यांच्या संघटनेला हे मानवले नाही आणि तिने गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. गाण्यांची संख्या घटवण्याच्या बेतात आधीपासूनच असलेल्या खात्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. (हार्मोनियमवरची बंदीही पुष्कळ लोक केसकरांच्याच नावावर मांडतात. ती १९४० पासूनची, म्हणजे ब्रिटिश अमदानीतली होती. केसकरांनी ती उठवली नाही, एवढेच.)

रिकामी झालेली जागा समुद्रापलीकडून भरून निघाली. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने कोलंबोजवळ उभारलेले शक्तिशाली प्रक्षेपक युद्धानंतर सिलोन सरकारच्या हाती आले होते आणि १९५० मध्ये रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा सुरू झाली होती. लघुलहरींना सरहद्द ठाऊक नसते. भारतातल्या साबण, चहा आणि टूथपेस्ट विकणाऱ्या कंपन्यांना आपल्या देशातल्या रेडिओवर जाहिरात करण्याची सोय नव्हती, ती कोलंबोने करून दिली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत, त्यांच्या फिती विमानाने कोलंबोला जात आणि तिथून प्रक्षेपित होऊन पुन्हा मुंबई, नागपूर, इंदूर, पाटण्याच्या घरांत ऐकू येत. ३ डिसेंबर १९५२ च्या बुधवारी निवेदक अमीन सयानी यांची, बिनाका टूथपेस्टच्या नावाची ‘बिनाका गीतमाला’ अशीच सुरू झाली. सुरुवातीला तिचे स्वरूप एखाद्या कोड्यासारखे होते. सात गाणी ऐकवायची आणि श्रोत्यांनी ती योग्य क्रमाने लावून पाठवायची. लोकप्रियतेच्या पायऱ्या, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘पायदान’, नंतर आल्या. पहिल्या भागाला नऊ हजार पत्रे आली आणि वर्षभरात आठवड्याची पत्रे पासष्ट हजारांवर गेली, असे सयानी सांगत.

केसकर हरले आणि सिलोन जिंकले, असा या प्रकरणाचा निकाल सहसा दिला जातो. मला तो अपुरा वाटतो. एक तर मराठी श्रोत्याने केसकरांच्या हट्टाबद्दल इतके नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण चित्रपटगीतांना पर्याय म्हणून आकाशवाणीने सुगम संगीताला जे बळ दिले, त्याच काळात पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून ‘गीतरामायण’ सुरू केले. दर आठवड्याला एक याप्रमाणे ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेली छप्पन्न गाणी वर्षभर प्रसारित झाली. वर्षात बावन्न आठवडे असतात, पण त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे चार गाणी जास्त मिळाली. कोणत्याही टूथपेस्टवाल्याने तेव्हा असल्या बेताला पैसे दिले नसते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. दुसरे असे की, सिलोनने भारतीय श्रोत्याला केवळ चित्रपटगीते दिली नाहीत, घड्याळ दिले. बुधवारी रात्री आठ वाजता एक ओळखीचा माणूस आपल्याशी बोलणार आहे आणि आपण पाठवलेल्या पत्राचा त्याच्या बोलण्याशी संबंध असणार आहे, ही खात्री सरकारी रेडिओने तोवर श्रोत्याला दिलेली नव्हती. रोज सकाळी साडेसातला सिलोनवर जुन्या चित्रपटांतली गाणी लागत आणि अर्ध्या तासाचा शेवट कुंदनलाल सैगल यांच्या गाण्याने होई. सैगल लागले म्हणजे आठ वाजत आले, हा हिशेब कित्येक घरांत चालत असे.

आकाशवाणीचे उत्तर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आले, तेही केसकरांच्याच कारकिर्दीत. कवी नरेंद्र शर्मा यांच्या देखरेखीखाली ‘विविध भारती’ सुरू झाली. फौजी जवानांसाठी ‘जयमाला’, पंधरा मिनिटांच्या नाटिकांचे ‘हवा महल’, निवेदकाच्या स्वतःच्या आवडीने रंगणारे ‘छायागीत’, राग समजावून सांगून त्याच रागातले चित्रपटगीत ऐकवणारी ‘संगीत सरिता’ ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. ‘संगीत सरिता’ची रचना मला फार हुशारीची वाटते, एके काळी ज्या दोन गोष्टींचे हाडवैर असल्याचे सरकार मानत होते, त्यांना तिने एकाच पाटावर बसवले. आज ऐकणाऱ्यांना आश्चर्य वाटेल, पण ही सारी सेवा पहिली दहा वर्षे जाहिरातीविना चालली. रेडिओचा खर्च परवान्याच्या पैशांतून निघावा अशी व्यवस्था होती. घरातल्या रेडिओसाठी पोस्टातून परवाना घ्यावा लागे, दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागे आणि ही पद्धत १९८० च्या दशकापर्यंत टिकली. म्हणजे श्रोता तेव्हा रेडिओचा सरळसरळ ग्राहक होता, पण त्याला काय हवे हे विचारण्याची गरज मात्र कुणाला वाटत नव्हती.

नभोवाणीविषयी नेमलेल्या, अशोक चंदा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि त्यानंतर जाहिरातींचे दार उघडले. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून विविध भारतीच्या जाहिरात प्रसारण सेवेला प्रयोग म्हणून प्रारंभ झाला. देशातली पहिली व्यापारी रेडिओ सेवा महाराष्ट्राच्या तीन शहरांत सुरू व्हावी, यात नवल नव्हते. जाहिरात संस्थांच्या कचेऱ्या मुंबईत होत्या, ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ मुंबईत होते आणि सिलोनसाठी कार्यक्रम करून तयार झालेली माणसेही मुंबईतच होती. कलकत्ता, दिल्ली, मद्रास ही शहरे पुढच्या दोन-तीन वर्षांत आली. जाहिरातींचा वेळ एकूण प्रसारणाच्या दहा टक्क्यांपुरता मर्यादित ठेवला गेला, दारू आणि तंबाखूच्या जाहिरातींना मज्जाव झाला आणि प्रत्येक जाहिरात आधी तपासून घेण्याचा शिरस्ता पडला. ही दहा टक्क्यांची मर्यादा म्हणजे माझ्या मते या सेवेने केलेले सर्वांत शहाणपणाचे काम. जाहिरातदाराला तिने घरात येऊ दिले, पण घराच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या नाहीत.

हे मी थोड्याफार अधिकाराने लिहितो आहे, कारण १९८० च्या दशकात यांपैकी एका केंद्रावर मी नैमित्तिक निवेदक होतो. ‘कॅज्युअल’ म्हणत आम्हाला. महिन्यातून मोजक्या ड्युट्या मिळत, त्यासाठी आधी स्वरचाचणी द्यावी लागे आणि मानधन ड्युटीगणिक मिळे. व्यापारी केंद्राच्या बूथमध्ये पहिल्यांदा बसलेल्या माणसाचा पहिला भ्रमनिरास असा होई की, तिथे बोलायला फारसे मिळतच नाही. ऐकणाऱ्याला वाटते की, निवेदक गाणी निवडतो, गप्पा मारतो, मधूनच वेळ सांगतो. प्रत्यक्षात समोर क्यू शीट, म्हणजे कधी काय वाजवायचे याची यादी, असे आणि त्या क्यू शीटच्या मागे फिक्स्ड पॉइंट चार्ट नावाचे तक्त्यासारखे एक वेळापत्रक असे, ज्यात आठवड्याचा प्रत्येक चौकोन आधीच भरलेला असे. विविध भारतीचे राष्ट्रीय कार्यक्रम मुंबईहून स्पूलवर, म्हणजे फितीच्या रिळांवर, येत. मराठी गाण्यांचा वेळ स्थानिक, बातम्या दिल्लीहून किंवा प्रादेशिक विभागाकडून. या सगळ्याच्या सांध्यांमध्ये जाहिराती. त्यांचे स्वतंत्र स्पूल असे, त्या दिवसाच्या क्रमाने जोडलेले, आणि सोबत एक कागद, ज्यावर प्रत्येक स्पॉटची, म्हणजे एकेका जाहिरातीची, लांबी सेकंदांत लिहिलेली असे: दहा, पंधरा, वीस, तीस.

सकाळची ड्युटी असेल, तर पहाटे पोचून आधी ही सगळी स्पूल क्यू शीटशी ताडून रचून ठेवायची. डाव्या यंत्रावर कार्यक्रम, उजव्या यंत्रावर जाहिराती, मधल्या तबकडीवर मराठी गाण्याची रेकॉर्ड. रेकॉर्डवर सुई टेकवून गाण्याचा पहिला सूर सापडेपर्यंत तबकडी हाताने पुढेमागे फिरवायची आणि मग ती पाव फेरी मागे घेऊन थांबवायची, म्हणजे फेडर (आवाज वरखाली करणारी दट्टी) वर केल्यावर गाणे पूर्ण गतीने सुरू होते. नाहीतर पहिले अक्षर रडल्यासारखे उमटते. लाल दिवा लागला की खोकला, खुर्चीची करकर, कागदाची सळसळ यांतले काहीही गुप्त राहत नाही. क्यू शीटची पाने म्हणून आम्ही कधी टाचत नसू. एकेक सुटे पान उचलून अलगद बाजूला ठेवायचे.

आणि समोर भिंतीवर घड्याळ, ज्याचा सेकंदकाटा एवढाच काय तो तिथला खरा अधिकारी. समजा, आठ वाजता दिल्लीच्या बातम्या घ्यायच्या आहेत आणि सात वाजून पंचावन्न मिनिटांनी शेवटचे मराठी गाणे सुरू झाले आहे. गाणे साडेचार मिनिटांचे आहे. त्यानंतर जाहिराती ऐंशी सेकंदांच्या आहेत आणि केंद्राच्या नावाची उद्घोषणा दहा सेकंदांची. बेरीज केली तर एक मिनिट जास्त होते. मग काय कापायचे? जाहिरात कापता येत नाही. तिचे पैसे आलेले असतात, ती वाजल्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहायची असते, त्या नोंदीवरून बिल जायचे असते आणि एखादा स्पॉट चुकला, तर त्याचे लेखी कारण ड्यूटी ऑफिसरला द्यावे लागते. गाण्याचे असे काही नसते. शेवटचा अंतरा सुरू होण्याआधीच्या वाद्यमेळावर फेडर हळूहळू खाली आणायचा, ऐकणाऱ्याला वाटावे की गाणे एवढेच आहे. हे कौशल्य जुन्या निवेदकांना इतके साधलेले असे की, काही भावगीतांना तिसरा अंतरा आहे हे मला पुढे कॅसेट विकत घेतल्यावर कळले.

त्या वेळी मला या प्रकाराचा राग येत असे. आता वाटते, व्यापारी रेडिओ म्हणजे काय हे त्या एका मिनिटाच्या हिशेबाने जितके नेमके समजावले, तितके कोणत्याही धोरणाच्या कागदाने समजावले नसते. गाणे ऐकायला लोक येतात, पण घराचे भाडे जाहिरात भरते. दोघांत तंटा झाला तर कोण जागा सोडणार हे ठरलेले असते. प्रश्न इतकाच उरतो की, असे तंटे दिवसात किती वेळा होऊ द्यायचे. दहा टक्क्यांच्या मर्यादेमुळे ते क्वचित होत.

१९७० पासून प्रायोजित कार्यक्रम आले आणि इथे पहिल्या भांडणाचा एक मजेदार शेवट झाला. कंपन्यांच्या नावाने होणाऱ्या कार्यक्रमांबरोबर नव्या चित्रपटांच्या प्रसिद्धीचे पंधरा मिनिटांचे कार्यक्रम विविध भारतीवर सुरू झाले. निर्माता पैसे भरून वेळ विकत घेई, त्यात गाण्यांचे तुकडे, गाजतील असे दोन-चार संवाद आणि भारदस्त आवाजात दर मिनिटाला चित्रपटाचे नाव. ज्या नावाचा उच्चार १९५२ मध्ये फुकटची जाहिरात म्हणून नाकारला होता, तोच उच्चार आता दरपत्रकाप्रमाणे विकला जात होता. तत्त्वाचा प्रश्न अखेर दराचा निघाला, असे म्हणून हसता येईल. मला तो सौदा मात्र रास्त वाटतो. जाहिरात ही जाहिरात म्हणून ओळखू येत होती आणि तिचे पैसे सार्वजनिक तिजोरीत जात होते.

श्रोत्याचा हिशेब ठेवण्याचे साधन होते पत्र. फर्माइशीच्या कार्यक्रमांनी झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव देशभर पोचवले, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या मराठी फर्माइशीच्या गठ्ठ्यातही अशी गावे होती आणि अशी माणसेही होती, ज्यांचे अक्षर पाकीट न उघडता ओळखू येई. पोस्टकार्डाच्या दोन्ही बाजू भरून नावे लिहिलेली असत: आजोबांपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत, शेजारी, कारखान्यातले मित्र, कधी एखाद्या तरुण मंडळाची पूर्ण कार्यकारिणी. गाणे बहुधा ठरलेल्या वीस-पंचवीस गाण्यांपैकीच एक असे. ते ऐकायला मिळावे म्हणून कुणी पत्र लिहीत नव्हते, कारण ते तसेही लागणारच होते. नाव ऐकू यावे म्हणून लिहीत. एका गाण्यामागे किती नावे वाचायची यावरून निवेदकांत दोन तट होते. नावांच्या यादीत गाण्याचा वेळ जातो असे एका तटाचे म्हणणे, तर ही यादी हाच कार्यक्रम आहे आणि गाणे ही त्यातली विश्रांती, असे दुसऱ्याचे. मी दुसऱ्या तटात होतो आणि आजही आहे.

या पत्रांना शास्त्रशुद्ध पाहणी म्हणता येणार नाही, हे उघड आहे. ज्यांना लिहिता येत नव्हते, ज्यांना कार्डाचे पैसे जड होते, ज्या बायकांना स्वतःच्या नावाने पत्र टाकण्याची मुभा नव्हती, त्यांची मोजदाद त्यात नव्हती. श्रोता संघांचे उत्साही सभासद एकेका गाण्यासाठी ढिगाने कार्डे पाठवत, म्हणजे आकडे फुगवण्याची कला तेव्हाही होतीच. तरी त्या गठ्ठ्यात गावाचे नाव असे. वर्ध्याजवळच्या किंवा भोरजवळच्या खेड्यात आपला आवाज पोचतो की नाही, हे केंद्राला अभियंत्याच्या नकाशाआधी पोस्टाच्या शिक्क्यावरून कळे.

दूरदर्शनने १९७६ पासून जाहिराती घ्यायला सुरुवात केली आणि पुढच्या दहा वर्षांत मोठ्या कंपन्यांचा पैसा तिकडे सरकला. त्या पडझडीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. १९८९ मध्ये ‘गीतमाला’च सिलोन सोडून विविध भारतीवर आली, पण तोवर रात्रीचे आठ ही वेळ पडद्यासमोर बसण्याची झाली होती.

नंतर आले एफएम. १५ ऑगस्ट १९९३ पासून आकाशवाणीने आपल्या एफएम वाहिनीवरचा वेळ खासगी कंपन्यांना तुकड्यांनी विकायला सुरुवात केली. १९९५ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या गाजलेल्या निकालाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले आणि सरकारी मक्तेदारीचा कायदेशीर आधार गेला. जुलै २००१ मध्ये बंगळूरला देशातले पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले, पुढच्या वर्षी मुंबईत अनेक वाहिन्या एकदम आल्या. पहिल्या फेरीत परवान्याचे शुल्क लिलावाने ठरले होते आणि ते दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढायचे होते. उत्पन्न त्या वेगाने वाढणे शक्य नव्हते. कंपन्या तोट्यात गेल्या, काही बंद पडल्या. २००५ च्या धोरणाने वार्षिक शुल्काऐवजी महसुलातला चार टक्के वाटा घेण्याची पद्धत आणली, तेव्हा कुठे लहान शहरांत केंद्र काढणे परवडू लागले आणि कोल्हापुरात ‘पुढारी’ समूहाचे ‘टोमॅटो एफएम’ उभे राहिले.

खासगी वाहिन्या एकसारख्या वाटतात ही तक्रार मीही करतो, पण तिचा दोष केवळ तरुण निवेदकांच्या बडबडीवर टाकणे अन्यायाचे आहे. या वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मनाई आहे. २०१९ पासून आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवण्यापुरती सवलत मिळाली. पंचगंगेला पूर आला असता कोल्हापूरचे केंद्र रस्ता बंद असल्याचे सांगू शकते, कारण वाहतूक आणि हवामान ही माहिती समजली जाते. पण धरणातून पाणी सोडण्याचा निर्णय कुणी आणि का लांबवला, हे विचारणे बातमी ठरेल. बोलण्याचा विषयच काढून घेतल्यावर बोलण्यात चटपटीतपणाखेरीज दुसरे काय उरणार? गाण्यांची निवड तर निवेदकाकडे नसतेच. काही शे गाण्यांची यादी संगणकात असते, ती फोनवर गाण्याचा छोटा तुकडा ऐकवून घेतलेल्या मतांवरून ठरते आणि कोणते गाणे किती तासांनी परत लावायचे, हे संगणकच सांगतो. एवढे खरे की, फेडर खाली आणून तिसरा अंतरा गिळण्याचा प्रसंग आता येत नाही. गाणे मुळातच कापून संगणकात भरलेले असते.

श्रोत्यांची मोजणी हा माझ्या लेखी खरा प्रश्न आहे. २००७ पासून रेडिओसाठी जी पाहणी सुरू झाली, तीत निवडक लोकांना डायरी देऊन कोणत्या वेळी काय ऐकले ते लिहून घेत आणि ती मुंबई, दिल्ली, बंगळूर, कोलकाता या चार शहरांपुरती होती. महाराष्ट्रातल्या इतर शहरांचे केंद्रचालक आपल्या श्रोत्यांविषयी जे काही जाणतात, ते मुंबईच्या डायऱ्यांवरून ताडलेले असते. म्हणून नाशिक किंवा जळगावच्या वाहिनीवर मुंबईचीच यादी वाजते आणि मराठी गाणे कोणत्या तासाला चालेल, याचा निवाडाही तिथेच होतो. पत्रांच्या गठ्ठ्याइतकी सदोष मोजणीही या शहरांच्या वाट्याला आलेली नाही.

अपवाद आहे तो तिथल्या स्थानिक जाहिरातदाराचा. लहान शहरातले केंद्र साबणाच्या कंपनीवर जगत नाही. सराफ, साड्यांचे दुकान, खासगी शिकवणी, नव्या इमारतीतल्या सदनिका विकणारा बिल्डर यांच्यावर जगते. त्यांना डायरीची आणि टक्केवारीची पर्वा नसते. सणाच्या आधी पंधरा दिवस स्पॉट लागले की साड्यांचा दुकानदार गल्ल्यावर बसून येणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारतो, “रेडिओवर ऐकून आलात का?” गिऱ्हाईक कुठल्या गावचे, कोणत्या वेळी ऐकले, हेही तो विचारून घेतो आणि वहीत टिपतो. केंद्राचा विक्री प्रतिनिधी पुढच्या महिन्याचे स्पॉट मागायला येतो, तेव्हा सकाळचा वेळ घ्यायचा की दुपारचा, हे त्या वहीवरून ठरते.